पेरूवरचं औषध

लोणंदहून सुटलेली एसटी साडेदहाला फलटणच्या स्टँडवर लागली. घरी पोचले, पिशवी ओट्यावर टाकली आणि चपला न काढता तशीच परसात गेले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोन दिवस माहेरी राहिले होते, पण जीव सगळा मागच्या पेरूत अडकला होता.

परसाच्या दारातच वास आला. सडक्या लसणासारखा, घशाला चिकटून बसणारा. पुढे गेले तर पेरूखालची माती ओली होती आणि त्या ओल्या मातीवर माझे भुंगे उताणे पडले होते. मसुराच्या दाण्याएवढे, काळे, डोक्याकडे तांबूस. काहींचे पाय अजून हलत होते. फांद्यांवरच्या त्यांच्या पांढऱ्या अळ्या भिजलेल्या कापसासारख्या लोंबत होत्या. एक मधमाशी मातीत गोल गोल फिरत होती, तिला उडता येत नव्हतं.

मी खाली बसले. रडू आलं नाही. कानांमागून काहीतरी तापत वर चढलं. तिथूनच मोठ्यानं विचारलं, "आत्या, पेरूवर औषध कोणी मारलं?"

उत्तर आलं नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि लग्नाला तीन वर्षं झाली होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. माझ्याकडे कृषी विद्यालयाची दोन वर्षांची पदविका होती, आणि किडींच्या विषयात मी वर्गात पहिली आले होते. लग्नाच्या बैठकीत वडिलांनी हे सांगितलं, तेव्हा माझे मोठे दीर रंगनाथभाऊजी हसून म्हणाले होते, "बरं झालं, दुकानाला माणूस मिळालं." त्यांचं बाजारपेठेत शेतीच्या औषधांचं दुकान होतं. शेतकरी विषाला औषधच म्हणतात. दुकानात मला कधी कोणी बसू दिलं नाही. मग मी परस धरलं.

परसात दोन पेरू, एक सीताफळ, एक लिंबू. सासऱ्यांनी लावलेली झाडं. मी लग्न होऊन आले तेव्हा निम्मे पेरू आतून किडलेले निघायचे आणि पानं पिठ्या ढेकणानं पांढरी झालेली असायची. पिठ्या ढेकूण म्हणजे पिठात लोळून आल्यासारखा दिसणारा बारीक किडा. झाडाचा रस पितो आणि मागे गोड चिकटा सोडतो. त्या गोडासाठी मुंगळे येतात आणि त्याची राखण करतात. मी आधी खोडाला ग्रीसची पट्टी बांधून मुंगळ्यांची वाट तोडली. गळलेली किडकी फळं रोज वेचून हातभर खोल पुरायला लागले. फळमाशीला फसवायला तुळशीचा पाला कुटून बाटल्यांतून टांगला. निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून फवारल्या. कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात दहा झाडांचा पाला कुजत घातला होता. त्या अर्काला दशपर्णी म्हणतात. त्यात कडुलिंब, रुई, निरगुडी होती, तशीच कण्हेर आणि धोत्राही होता. आणि पेरू सुपारीएवढे झाले की आत्यांच्या जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून एकेका फळावर चढवायची. गाठ घट्ट मारायची, नाहीतर वाऱ्यानं सुटते.

सगळ्यात शेवटी भुंगे आणले. माझ्या जुन्या मास्तरांनी लाल भोपळ्यावर वाढवलेले दोनशे भुंगे मला डब्यात घालून दिले होते. पिठ्या ढेकूण हेच त्यांचं खाणं. पण त्यांची अळी दिसते थेट त्या ढेकणासारखीच, पांढरी, झुपकेदार, फक्त आकारानं मोठी. ओळख नसलेल्याला वाटावं, कीड पोसलीय.

तसंच झालं. भाऊजींच्या दुकानाचं एक मोठं गिऱ्हाईक घरी चहाला आलं होतं. हात धुवायला परसात गेलं आणि फांद्या बघून म्हणालं, "रंगनाथशेठ, तुमचं औषध तुमच्याच झाडावर चालत न्हाई व्हय?"

भाऊजी त्याच्यासमोर हसले. जेवताना मला म्हणाले, "शैला, ते पिंप आणि ती किडं आठ दिवसांत काढ. नाहीतर मी काढतो."

"भाऊजी, ती कीड नाही. कीड खाणारी आहे. महिनाभर थांबा, झाड स्वच्छ झालेलं दिसेल."

"मला शिकवू नको. वीस वर्षं हाच धंदा करतोय."

माझा नवरा अरविंद शेजारीच बसला होता. हायस्कूलवर चित्रकलेचे शिक्षक होते ते. सौम्य माणूस, कुणाला वर मान करून बोलायचे नाहीत. ते भाकरी मोडत राहिले. आत्या तेवढ्या म्हणाल्या, "झाडाला हात लावायचा न्हाई, रंगा. तुझ्या बापाचं झाड हाय ते."

विषय तिथं संपला असं मी समजले, आणि दोन दिवस माहेरी गेले.

त्या सकाळी परसातून मारलेल्या हाकेला ओ आली नाही म्हणून मी न्हाणीकडे वळले. आत्या न्हाणीच्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलं होतं. तोंडातून लाळेची धार लागली होती, पुढे ओकारी पडली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मांडीजवळ दोन चिंध्या पडल्या होत्या. माझ्याच हातच्या पिशव्या.

"आत्या, काय खाल्लं?"

"पेरू. दोन." जीभ जड झाली होती. "गाठी सुटंनात. दातानं वढल्या."

रोज सकाळी राममंदिरात जाऊन आल्या की त्या परसात जायच्या, पिकलेला पेरू हातानं चाचपायच्या आणि तिथंच उभ्यानं खायच्या. तीस वर्षांची सवय. झाडावर औषध मारलंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पेरूवरची कापडी पिशवी विष पिऊन ओली राहिली होती, आणि मी मारलेली घट्ट गाठ त्यांनी तोंडात धरली होती.

मी त्यांना चूळ भरवली, तोंड धुतलं. शेजारच्या कमलताईंना दुकानात आणि शाळेत निरोप द्यायला पळवलं. रिक्षात आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचे दंड, गाल बारीक बारीक थरथरत होते. श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता.

डॉक्टर शहाण्यांचा दवाखाना बाजारपेठेतच होता. त्यांनी नाडी बघितली, पापण्या वर करून बॅटरीचा उजेड टाकला.

"पोटात काय गेलंय?"

"पेरूवर औषध मारलंय. तेच गेलंय. पिशवीची गाठ दातानं सोडलीय त्यांनी."

"कुठलं औषध?"

"माहीत नाही. मी घरी नव्हते, आत्ताच आले. पण वास येतोय."

एवढ्यात भाऊजी आत आले. धापा टाकत होते. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं असावं.

"औषध नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "हिचा काढा आहे. पिंप भरून ठेवलंय परसात, झाडांवर मारत असते. दहा झाडांचा पाला कुजवते त्यात. धोत्रा घालते. कण्हेर पण घालते. मी किती दिवस सांगतोय, फेकून दे."

मी म्हटलं, "माझी शेवटची फवारणी तीन आठवड्यांपूर्वी झाली, ती पण लिंबावर. पेरूखाली आज सकाळी मारलेल्या औषधाचा वास आहे. माती अजून ओली आहे."

"मग मी मारलं म्हणतेस?"

"तुम्ही मारलं का?"

"मी औषधाचा दुकानदार आहे. मारलं असतं तर लपवलं असतं का? माझी आई आहे ती."

डॉक्टरांनी हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली. ते ठेवताना मी बघितलं.

"हे बघा," ते म्हणाले. "फवारणीच्या औषधाचं विष असेल तर त्याला उतारा आहे. तो आत्ता, या मिनिटाला द्यायला हवा. पण धोत्रा पोटात गेला असेल तर हा उतारा देता येत नाही. उताऱ्यात जे असतं तेच धोत्र्यात असतं. विषात विष घातल्यासारखं होईल. बाहुल्या बारीक झाल्यात, ते धोत्र्याचं लक्षण नाही. पण कण्हेरही आहे म्हणता, आणखी आठ पाले आहेत म्हणता. घरातल्या माणसानं मला खात्रीनं सांगा."

"धोत्राच," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात अरविंद दारात येऊन उभे राहिले. शाळेतून सायकलवर आले होते. डॉक्टर त्यांना ओळखत होते, त्यांच्या मुलीला हे चित्रकला शिकवायचे.

"मास्तर, तुम्ही सकाळी घरी होतात. झाडावर फवारणी झाली का?"

अरविंदनी आईकडे बघितलं. मग भावाकडे. भाऊजी नुसते बघत होते. अरविंद म्हणाले, "मी शाळेच्या गडबडीत होतो. माझं लक्ष नव्हतं."

मला त्या क्षणी फक्त भाऊजींचा राग आला होता. नवऱ्याकडे बघायला मला वेळ नव्हता.

"मी आणते," मी म्हटलं. "जे मारलंय ते आणून दाखवते. किती वेळ आहे?"

"मी पोट धुवायला घेतो. पंधरा मिनिटांत या. लांबवू नका."

रिक्षावाला बाहेरच थांबला होता. घरी पोचले, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि पेरूवरच्या तीन-चार चिंध्या ओरबाडून घेतल्या. मग बाटली शोधायला लागले. उकिरड्यात नव्हती, न्हाणीमागं नव्हती. गोठ्याच्या मागच्या बाजूला पोत्याखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. पोतं उचललं. खाली दुकानातला पायपंप होता. त्याची नळी अजून ठिबकत होती. शेजारी बादली, आणि बादलीत पालथी घातलेली बाटली. लेबलावर जहाल विषाचा लाल त्रिकोण. आत बोटभर औषध शिल्लक होतं.

ती बाटली उचलली. ज्याला बाटली लपवायला सुचलं, त्याला आईला एक हाक मारून सांगायला सुचलं नाही.

दवाखान्यात मी बाटली आणि चिंध्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी लेबल वाचलं. चिंधी नाकाजवळ नेऊन लगेच लांब केली. कुणालाही काही विचारलं नाही. सुई भरली, शिरेत दिली. घड्याळ बघत थांबले. दहा मिनिटांनी पुन्हा दिली. पुन्हा दहा मिनिटांनी. चौथ्या सुईनंतर आत्यांच्या तोंडातली लाळ आटली. छातीतली खळखळ कमी झाली.

डॉक्टर कपाळ पुसत माझ्याकडे वळले. "आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले, आणि मग भाऊजींकडे न बघताच, "धोत्रा म्हणे," एवढं पुटपुटले.

भाऊजी बाकावर बसले होते. "बाटली कुणीही टाकली असेल," ते म्हणाले. मग ते उठले आणि दुकान उघडं आहे म्हणून निघून गेले.

चार वाजता आत्यांना जरा झोप लागली. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मनात सकाळपासूनचं एकेक पुन्हा येत होतं. ओली माती, उताणे भुंगे, पोतं, पोत्याखालचा पंप. पायपंप. पाठीवरचा पंप असता तर गोष्ट वेगळी होती. पेरू उंच झाल्यामुळे पाठीवरच्या पंपाचा फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पायपंप नेला होता. आणि पायपंप एकट्याला चालत नाही. एकानं दांडा हलवत राहायचं, दुसऱ्यानं नळी धरून फवारायचं. विद्यालयात आम्ही दोघी-दोघी मिळून तो चालवायचो.

अरविंद बाहेरून चहा घेऊन आले. त्यांनी पेला पुढे केला. मी त्यांचा हात धरला आणि उलटा केला. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी दोन फोड होते, ताजे, पाणी भरलेले.

"दांडा तुम्ही हलवलात," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला.

"सकाळी आत्या देवळात गेल्यावर. भाऊजींनी नळी धरली, आणि तुम्ही दांडा हलवलात."

"दादा म्हणाला, तू यायच्या आत उरकू." आवाज अगदी खाली होता. "मी म्हटलं त्याला, शैलाला विचारू. तो म्हणाला, तू बायकोला विचारून श्वास घेतोस का."

"आणि आत्यांना का सांगितलं नाही?"

"दादा म्हणाला, संध्याकाळी सांगू. आधी सांगितलं तर आई आरडाओरडा करेल."

"बरं. ते राहू दे. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं. समोर आई पडली होती. सुई ट्रेमध्ये होती."

"दादा समोर उभा होता, शैला."

"आई मरत होती."

"मला वाटलं, डॉक्टरांना कळेलच. त्यांना कळतं ना सगळं."

मी आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता, तेव्हाही उचलला नाही. चहाचा पेला त्यांच्या हातून घेतला, खिडकीत ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टर आत आहेत. आत्ता जा आणि सांगा, की मला माहीत होतं."

ते उभे राहिले. दाराकडे दोन पावलं गेले. मग वळून म्हणाले, "आता काय उपयोग आहे? आई बरी झाली ना."

खाटेवर आत्या डोळे मिटून पडल्या होत्या.

शनिवारी त्यांना घरी आणलं. रविवारी सकाळपासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. भाऊबंद, आळीतल्या बाया, आत्यांच्या देवळातल्या मैत्रिणी. मी आत चहा करत होते, आणि प्रत्येक घोळक्याला भाऊजी तेच सांगत होते ते माझ्या कानावर येत होतं. शिकलेली सून, तिचं पिंप, त्यातला धोत्रा, आणि थोडक्यात वाचलेली आई. सांगताना ते माझ्यावर रागावल्यासारखंही बोलत नव्हते. समजूतदारपणे बोलत होते. "तिचा हेतू वाईट नव्हता," असंही एकदा म्हणाले. मग बाजाराचा दिवस म्हणून दुकानात गेले.

मी ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा एक म्हातारी आत्यांना विचारत होती, "काढ्यानंच झालं का गं हे, यशोदा?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गोधडीचा काठ चाचपत म्हणाल्या, "काढाच हुता म्हणत्यात."

अरविंद भिंतीला टेकून उभे होते. मी ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही सांगा," मी त्यांना म्हटलं. "सगळ्या जणी बसल्यात. काय होतं ते सांगा."

सगळ्या बाया त्यांच्याकडे बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "जाऊ दे ना, शैला. कशाला आता."

मी आत गेले. डॉक्टरांकडून परत आणलेली बाटली आणि चिंध्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्या घेतल्या आणि भर अकरा वाजता बाजारातून चालत दुकानात गेले. दुकानात दहा-बारा शेतकरी होते. कुणाच्या हातात किडकं बोंड होतं, कुणाच्या हातात पान. भाऊजी फळीवरून बाटल्या काढत होते.

मी पिशवी काउंटरवर ठेवली.

"ही बाटली ह्या माझ्या दिरांनी बुधवारी सकाळी घरच्या पेरूवर मारली," मी म्हटलं. "ज्या झाडाचे पेरू घरातली माणसं रोज खातात, त्या झाडावर. आणि घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्या सासूनं पेरू खाल्ला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांनी सांगितलं, सुनेचा काढा आहे. त्यामुळे उताऱ्याची सुई थांबली. बाटली मी गोठ्यामागून शोधून नेली, म्हणून सासू वाचली. डॉक्टर शहाण्यांना जाऊन विचारा. पंपाचा दांडा माझ्या नवऱ्यानं हलवला. त्यांनाही विचारा."

शेतकरी भाऊजींकडे वळून बघायला लागले.

"घरातलं भांडण बाजारात आणू नको," भाऊजी दात आवळून म्हणाले.

"बाजारातलं विष तुम्ही घरात आणलंत."

"बाईमाणूस आहेस म्हणून ऐकून घेतोय. घरी जा."

"घरीच चाललेय. माझ्या."

पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं पिशवीतली बाटली बाहेर न काढता नुसती वाकून बघितली. मग स्वतःच्या हातातली बाटली बघितली. तीच होती. त्यानं ती काउंटरवर ठेवली आणि टोपी सारखी करत दुकानातून बाहेर पडला. त्याच्यामागून आणखी एक जण गेला.

मी घरी येऊन ट्रंक भरली. आत्यांच्या खाटेजवळून जाताना थांबले नाही. अरविंद फाटकापर्यंत मागे आले. "लोक काय म्हणतील," असं काहीतरी म्हणत होते. दोनच्या एसटीनं मी लोणंदला गेले.

भुंगे देणाऱ्या माझ्या जुन्या मास्तरांच्या ओळखीनं मला तिथल्याच एका रोपवाटिकेत काम मिळालं. रोपवाटिकेच्या आवारात एक खोली होती, पत्र्याची, ती राहायला दिली. अरविंद एका रविवारी आले होते. मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगेन." मी त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. मला वाटलं होतं, दिवस गेले की राग निवेल. तो निवला नाही. सकाळी उठले की आधी तोच जागा व्हायचा. डाळिंबाच्या रोपांवरचा मावा बोटांनी चिरडताना, पिशव्यांत माती भरताना, मी मनातल्या मनात त्या दवाखान्यात उभी असायची आणि प्रत्येकाला वेगवेगळी उत्तरं द्यायची. आत्यांनाही. सगळ्यात जास्त आत्यांना. ज्यांच्यासाठी पळाले होते, त्यांनीच गोधडीचा काठ चाचपत मला विषारी ठरवलं होतं.

तीन महिन्यांनी, एका सकाळी, मी खोलीबाहेर निंबोळ्या कुटत होते. रस्त्याकडून कोणीतरी चालत येताना दिसलं. आत्या होत्या. एकट्या. काखेत बोचकं. दर दहा पावलांनी थांबत होत्या.

मी उठले नाही.

त्या आल्या आणि समोरच्या दगडावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं.

"कोणाबरोबर आलात?"

"एसटीनं आले."

"मला न्यायला आला असाल तर मी येणार नाही."

"न्यायला न्हाई आले." पदरानं तोंड पुसून त्या थोडा वेळ कुटलेल्या निंबोळ्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात मला समदं ऐकू येत हुतं, शैला. डोळं उघडत नव्हतं, जीभ उचलत नव्हती. पर कान चालू हुतं. रंगा काय बोलला ते ऐकलं. अरविंदा काय बोलला न्हाई, ते बी ऐकलं. डाक्टर म्हणाला, कुणीतरी खात्रीनं सांगा. माझं दोघं लेक हुतं तिथं. मी वाट बघत पडले हुते."

माझ्या हातातला बत्ता थांबला.

"आणि तुझी चप्पल वाजली," त्या म्हणाल्या. "पळत गेलीस त्याची."

मी विचारलं, "मग बायांपुढे काढा का म्हणालात?"

"त्यांच्यातच ऱ्हायचं हुतं मला. कुठं जाणार हुते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच होतं. "मी काय करायचं होतं मग? तुम्ही त्यांच्यात राहिलात. मी कुठे राहायचं होतं?"

त्यांनी एक निंबोळी उचलून बोटांत फिरवली. आतल्या बाजूला कोणीतरी रोपांना पाणी घालत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आता जेवान जात न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "दोघं समोर बसत्यात ताटावर. आई, भाजी घे. आई, भाकरी घे. घास तोंडात फिरतो नुसता."

"माफी मागायला आलात?"

"मागून काय हुतंय."

मग त्यांनी काखेतलं बोचकं काढून मांडीवर घेतलं. त्यात दोन लुगडी, देवाचा डबा आणि चष्मा होता हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं, की हे एका दिवसाचं बोचकं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुझा राग जाईस्तोवर."

"तो जायचा नाही, आत्या."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या, आणि बोचकं घेऊन आत गेल्या.

मी रागातच चहा टाकला. आत्या माझ्याकडे अकरा वर्षं राहिल्या.